अर्ध्या तासाचा गुण

रस्त्याच्या कडेला गाडी उभी करा, बॉनेट वर करा आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून नुसतं आत बघत राहा. पाच मिनिटांत पहिला माणूस येतो. "काय झालं?" असं तो विचारतो खरा, पण उत्तरासाठी थांबत नाही. तुम्ही तोंड उघडेपर्यंत त्याचं डोकं बॉनेटखाली गेलेलं असतं आणि आतून आवाज येतो, "प्लग काढून बघितला का?"

नव्या गाडीच्या नशिबी हे सुख नाही. तिचं बॉनेट उघडलं तर आत एक भलंमोठं काळं प्लास्टिकचं झाकण. आलेला माणूस त्या झाकणाकडे जरा वेळ बघतो, "सेन्सर असंल" म्हणतो आणि चालू लागतो. सेन्सर म्हटलं की बोलणं खुंटतं. जुन्या गाडीचं तसं नाही. तिचा सगळा संसार उघड्यावर. डिस्ट्रिब्युटर दिसतो, कॉइल दिसते, कार्बोरेटर दिसतो, फॅनबेल्ट दिसतो. आणि जे दिसतं ते आपल्याला कळतं, ही आपल्याकडची फार जुनी समजूत आहे.

कोल्हापूरला माझ्या मामांकडे 1984 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. मामा तिला फियाटच म्हणतात, आणि ते काही चूक नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून जी फियाट 1100 डिलाइट बनवली, तिचंच पुढं सत्तरच्या दशकात पद्मिनी असं बारसं झालं. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, आणि थंडीत सकाळी ओढायचा चोक. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमधली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली तेव्हा पेपरात हळहळीचे लेख आले. मामांना ते मुळीच आवडले नाहीत. "संपली म्हणं! मग आमच्या दारात काय हुबी हाय?"

तर या दारातल्या गाडीला एक विकार जडला. सकाळी पहिल्या सेल्फला चालू व्हायची, शहरातून सुरळीत जायची, पन्हाळ्याच्या रस्त्याला लागली की मस्त पळायची आणि वाघबिळाच्या आसपास दोन-चार धक्के खाऊन बंद पडायची. मग कितीही सेल्फ मारा, इंजिन नुसतं फिरणार, धरणार नाही. अर्धा तास गेला की जणू काही झालंच नाही अशा थाटात चालू. पुन्हा तेवढंच अंतर गेलं की पुन्हा तेच.

हा अर्धा तास नीट ध्यानात ठेवा. सगळी गोम त्यात आहे.

गाडी अर्ध्या तासानं आपली आपण चालू होते, म्हणजे त्या अर्ध्या तासात जो कुणी जे काही करेल, त्याला गुण येणार. पहिल्यांदा ती बंद पडली तेव्हा उसाच्या रसाच्या गाड्यावरचा एक पाहुणा उठून आला. त्यानं चारही प्लग काढले, पॉलिश पेपरनं घासले, फुंकर मारून परत बसवले. या सगळ्याला बरोबर अर्धा तास लागला. गाडी चालू! पाहुण्यानं पैसे घेतले नाहीत, रससुद्धा स्वतःच्याच पैशानं प्यायला. जाताना म्हणाला, "प्लगातच कचरा हुता. आता वरीसभर बघायला नको." पुढच्या खेपेला गाडी त्याच ठिकाणी बंद पडली तेव्हा तो पाहुणा तिथं नव्हता. सल्ला देणारा माणूस गाडी चालू झालेली बघून जातो. बंद पडलेली बघायला मालक एकटाच असतो. त्यामुळं त्या पाहुण्याच्या हिशेबी आजही ती गाडी त्यानंच बरी केली आहे, आणि गावोगाव तो प्लगच घासायला सांगत असणार.

दुसऱ्या वेळी एका जीपवाल्यानं पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायला लावलं. हा उपाय काही थोतांड नाही. जुन्या गाडीत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच चिकटून बसवलेला असतो. भर उन्हात चढ चढताना तो इतका तापतो की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला पातळ पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही. ह्याला व्हेपर लॉक म्हणतात, आणि खंडाळ्याच्या घाटात असल्या ओल्या फडक्यांनी कित्येक गाड्या वर चढवल्या आहेत. मामांनी फडकं टाकलं. रुमाल वाळला, दुसरा भिजवला. अर्धा तास. गाडी चालू! त्या दिवसापासून डिकीत पाण्याचा कॅन आणि मामीच्या जुन्या साडीचे तुकडे आले.

मग हीच गाडी डिसेंबरात, सकाळच्या गारव्यात, सांगलीला जाताना हातकणंगल्याच्या सपाट रस्त्यावर बंद पडली. ना चढ, ना ऊन. खरं तर एवढ्यावर व्हेपर लॉकचं प्रकरण मिटायला हवं होतं. पण सल्ल्याला पुराव्यानं काही होत नसतं. जीपवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "फडकं लहान पडलं आसंल."

मामांच्या घरासमोर रोज संध्याकाळी चार माणसं बसतात. गाडीला दुखणं लागल्यापासून त्या बैठकीला राजकारण वर्ज्य झालं. त्यातले एक निवृत्त एसटी ड्रायव्हर. आयुष्यभर डिझेल गाडी चालवलेला माणूस. कुठलंही इंजिन बंद पडलं की त्यांचं निदान एकच, "एअर घेतलीया." डिझेल गाडीत ते शंभर टक्के बरोबर. तिथं नळीत हवा शिरली की इंजिन बंदच पडतं, मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपानं बुडबुडे संपेपर्यंत हवा काढायची. मामांच्या पेट्रोल गाडीत असा स्क्रू नाही, हातपंप नाही आणि हवा काढायची सोयही नाही. हे त्यांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणत, "स्क्रू नसू दे. एअर हाय."

दुसरे साखर कारखान्यात चिटबॉय होते. त्यांच्याकडे जुनी बुलेट. बुलेटला एकदा पॉइंट घासल्यावर गुण आला होता, म्हणून त्यांच्या दृष्टीनं जगातली सगळी इंजिनं पॉइंटवर अडलेली. तिसरे निवृत्त प्राध्यापक, त्यांच्याबद्दल पुढं बोलूच. चौथ्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं, आणि तसं ते मोकळेपणानं सांगतही. मला हा माणूस फार आवडायचा. पण तेही उठताना हळूच म्हणत, "विकून टाका की."

चिटबॉयनी एका रविवारी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट घासले, आणि इथून पुढं गोष्ट बिघडली. पॉइंट म्हणजे काय, तर दोन बारीक टिकल्या. त्या मिटतात-उघडतात, आणि उघडताक्षणी प्लगला करंट जातो. त्या किती उघडाव्यात याचं माप असतं, साधारण 0.4 मिलिमीटर. ते फीलर गेजच्या पात्यानं मोजायचं. चिटबॉयनी ते नजरेनं मोजलं. "पंचवीस वरसं उसाची वजनं बघितल्यात," ते म्हणाले. फट जास्त राहिली. फट वाढली की टिकल्या जरा आधीच उघडतात, म्हणजे ठिणगी आधी पडते, म्हणजे टायमिंग पुढं सरकतं. मग चढाला इंजिन खणखणायला लागतं. ते लागलं.

त्या खणखणीवर तालमीतल्या एकानं कान देऊन सांगितलं, "टॅपेट वाजत्यात." म्हणून टॅपेट आवळले गेले. टॅपेटला थोडी फट ठेवावीच लागते, कारण तापल्यावर लोखंड वाढतं. फट ठेवली नाही तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. आता गाडी वाघबिळाला बंद तर पडतच होती, शिवाय तिथवर पोचताना ओढतही नव्हती. ती ओढत नाही म्हटल्यावर कुणीतरी रिंगा गेल्याचं जाहीर केलं. रिंगा गेल्या म्हणजे इंजिन उतरवायचं, बोअर करायचं, पिस्टन बदलायचे. एका फटीपासून निघालेली गोष्ट शिवाजी उद्यमनगरातल्या लेथपर्यंत येऊन ठेपली. मूळ दुखणं जिथल्या तिथं, आणि उपचारांची दोन नवी दुखणी वर.

इंजिन उतरवण्याच्या बाजूनं साक्ष द्यायला धूरही पुढं आला. एके सकाळी गाडी चालू केली तर मागून पांढरा धूर. लगेच हेड गॅस्केट गेल्याचा बोभाटा. वास्तविक धुराची भाषा अवघड नाही. निळसर धूर असला तर ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील बघायचे. काळा असला तर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय, चोक अडकलाय का, कार्बोरेटर भरून वाहतोय का ते बघायचं. पांढरा धूर गाडी तापल्यावरही राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत गेलं, तर गॅस्केटचा संशय घ्यायचा. पण थंडीच्या सकाळी दोन मिनिटं पांढरी वाफ निघते आणि जाते, ती सायलेन्सरमध्ये साचलेल्या पाण्याची असते. त्या सकाळी अंगणात उभ्या असलेल्या चौघांच्या तोंडातूनही तसलीच वाफ निघत होती. त्यांच्या गॅस्केटबद्दल कुणी काही बोललं नाही.

मला या लोकांचा राग का येत नाही, पण वैताग का येतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यातला एकही जण खोटं बोलत नव्हता. प्लग खराब होतात, पॉइंट झिजतात, हवा शिरते, वाफ होते, गॅस्केट जातं. प्रत्येकाचा सल्ला कुठल्या ना कुठल्या गाडीला तंतोतंत लागू होता. फक्त ती गाडी मामांची नव्हती. "माझ्या गाडीला सेम असंच झालं होतं" या वाक्यानं महाराष्ट्रात जेवढं पेट्रोल वाया गेलं असेल तेवढं गळक्या टाक्यांनी गेलं नसेल. सेम असंच म्हणजे कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. गाडी बंद पडली, एवढंच सेम असतं.

चेतक स्कूटरच्या काळापासून आपल्याला ही सवय लागली असावी. आकुर्डीच्या कारखान्यातून 1972 पासून निघालेल्या त्या स्कूटरनं दोन-तीन पिढ्यांना एक गोष्ट शिकवली: चालू होत नाही? आडवी करा. आडवी केली की कधी टाकीच्या कोपऱ्यातलं उरलंसुरलं पेट्रोल नळीकडं यायचं, कधी अडकलेला फ्लोट सुटायचा, आणि कधी काहीच व्हायचं नाही, पण किक मारणाऱ्याला दम खायला वेळ मिळायचा. का आडवी करायची हे कुणाला ठाऊक नव्हतं, कुणी विचारलंही नाही. मामांची फियाट आडवी करता येत नाही, नाहीतर तेही झालं असतं.

आता गाडी तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासानं चालू होते, या एका लक्षणाची निदान तीन कारणं असू शकतात. एक म्हणजे व्हेपर लॉक, ते वर आलंच. दुसरं, कॉइल किंवा कंडेन्सर. कॉइलच्या आतली तार गरम झाल्यावर दगा देते आणि गार झाली की पुन्हा शहाण्यासारखी वागते. तिसरं कारण पेट्रोलच्या वाटेवर कुठंतरी, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत. तिन्हींचा चेहरा एक, उपाय वेगळे. यातलं कुठलं, हे ओळखायची रीत अगदी साधी आहे. गाडी बंद पडली की त्याच क्षणी, गार होण्याआधी, एक प्लग काढून त्याच्या वायरीला लावायचा, बॉडीला टेकवायचा आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. निळी कडकडीत ठिणगी पडली तर करंट ठीक आहे, पेट्रोलकडं वळा. ठिणगीच नाही, किंवा पिवळी मरतुकडी आली, तर कॉइल-कंडेन्सर बघा. पेट्रोलकडं वळल्यावर पंपाची कार्बोरेटरकडं जाणारी नळी काढून बाटलीत धरायची आणि पुन्हा सेल्फ. पिचकारी आली तर पंप चांगला. बस्स. दहा मिनिटांचं काम आहे.

पण ही दहा मिनिटं कधी मिळतच नाहीत. गाडी बंद पडल्यावर पहिली दहा मिनिटं नेमकं काय झालं यावर वाद होतो, पुढची दहा चहात जातात आणि उरलेली दहा पान्हा शोधण्यात. दहा-अकराचा पान्हा हवा असतो तेव्हा बारा-तेराचाच सापडतो. मग चाचणी सुरू होते तेव्हा अर्धा तास उलटलेला. ठिणगी निळी, पेट्रोलची पिचकारी जोरदार, सगळं ठणठणीत. निष्कर्ष: गाडीला काही झालेलंच नाही, मामांना चालवता येत नाही.

गॅरेजवाल्यांबद्दलही थोडं बोललं पाहिजे, नाहीतर ते म्हणतील आम्हाला वगळलं. मामांनी गाडी दाखवली त्या गॅरेजांची नावं मी इथं सांगणार नाही. एकात गेल्या गेल्या कॉइल बदलली. गाडी दोन दिवस बरी चालली, कारण दोन दिवस ती मंडईच्या पलीकडं गेलीच नव्हती. मग कंडेन्सर बदलला. मग पंपाचा किट. मग कार्बोरेटर उघडून साफ केला, जेट बदलले. प्रत्येक वेळी "हे काढून बघू" असं म्हणून एकेक वस्तू काढली, आणि बघितलं कधीच नाही, नवीन बसवली. जुना भाग खराब होता की चांगला, हे तपासायची गरजच कुणाला वाटली नाही. तपासणं म्हणजे वेळ, आणि वेळेचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. भागाचे देतं. यात गॅरेजवाल्याची जेवढी चूक, तेवढी आपलीही आहे. "अर्धा तास नुसतं बघितलं, पाचशे रुपये" असं बिल कुणी लावलं तर आपण भांडून येऊ.

पुण्याहून आलेल्या भाच्यानं खिशातून एक स्कॅनर काढला. मोबाइलला जोडला की गाडीच सांगते म्हणे, तिला काय होतंय. त्यानं स्टिअरिंगखाली, सीटखाली, ग्लोव्ह बॉक्समध्ये सगळीकडे खोबणी शोधली. 1984 सालच्या फियाटमध्ये संगणक नाही, हे त्याला पटायला जेवणाची वेळ झाली. तसं बघितलं तर स्कॅनर तरी कुठं मूळ सांगतो? इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय एवढा कोड तो देतो. ते नळी चिरल्यामुळं, पंप थकल्यामुळं की फिल्टर तुंबल्यामुळं, हे पुन्हा माणसानंच शोधायचं. फक्त वाद इंग्रजीत होतो.

आता प्राध्यापक. त्यांना इथेनॉलचा राग. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडं आलं तेव्हापासून त्यांच्या परिसरातल्या प्रत्येक दुखण्याला तेच कारण. यातही तथ्य नाही असं नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद साधारण एक तृतीयांशानं कमी, त्यामुळं अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. ते पाणी ओढून घेतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि डायफ्राम त्याच्यासाठी केलेले नसतात, ते फुगतात, तडकतात, बदलावे लागतात. पण प्राध्यापकांनी शेजाऱ्याच्या गाडीचा हॉर्न वाजेना तेव्हाही इथेनॉलचंच नाव घेतलं होतं. त्यांचा स्वतःचा ऊस ज्या कारखान्याला जातो, तिथंच इथेनॉल होतं, आणि त्याच्या दरावर ते दरवर्षी सर्वसाधारण सभेत तावातावानं बोलतात, ही गोष्ट वेगळी.

एकदा पन्हाळ्याला जाताना प्राध्यापक बरोबर होते. गाडी नेहमीच्या जागी बंद पडली. मामा फडकं भिजवायला उतरले. प्राध्यापक म्हणाले, "थांबा, मी पेट्रोलचा वासच घेतो." ते मागं गेले, टाकीचं झाकण किल्लीनं उघडलं. सूंऽऽ असा लांब आवाज झाला. त्यांनी वास घेतला, मान हलवली, झाकण लावलं. मामांनी सहज सेल्फ मारला आणि गाडी चालू! अर्धा तास नाही, पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

प्राध्यापकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बघा! इथेनॉलचा वायू कोंडला होता टाकीत. मी तो मोकळा केला." पन्हाळ्यावर पोचेपर्यंत ते या वायूवर बोलत होते.

मागच्या सीटवर मामी होती. ती इतक्या दिवसांत एकदाच काहीतरी बोलली होती, की टाकी फुल्ल केली की ही लवकर बंद पडते आणि पेट्रोल तळाला गेलं की लांबवर जाते. त्यावर सगळे हसले होते. पेट्रोल कमी असताना गाडी जास्त चालते, म्हणे! आता ती म्हणाली, "वायू बाहेर आला न्हाई. आवाज आत गेला."

"तुला काय कळतंय गं त्यातलं?" मामा म्हणाले.

"कुकरची वाफ बाहेर येती तवा कसा आवाज येतोय ते मला रोज ऐकू येतंय. ह्यो उलटा हुता."

गाडीतल्या साऱ्या शहाण्यांमध्ये शांतता पसरली. कारण ती बरोबर होती. टाकीतलं पेट्रोल इंजिन पीत जातं, तशी त्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते. जुन्या गाड्यांना त्यासाठी बहुधा झाकणातच एक बारीक भोक असतं. ते बंद झालं तर टाकीत पोकळी तयार होते, आणि एका हद्दीनंतर पंप कितीही ओढू दे, टाकी पेट्रोल सोडत नाही. गाडी उभी राहिली की हवा कुठल्यातरी फटीतून हळूहळू आत शिरते आणि अर्ध्या तासानं सगळं पूर्ववत. टाकी फुल्ल असताना वर हवेला जागाच थोडी, म्हणून पोकळी लवकर होते. टाकी रिकामी असेल तर हवा भरपूर, म्हणून गाडी लांब जाते. मामीनं सांगितलेली खूण सगळ्यांत मोलाची होती आणि तिलाच सगळ्यांत जास्त हसलं गेलं होतं.

आता झाकणाचं भोक बंद का झालं? तर ते झाकण मूळचं नव्हतंच. गल्लीत पेट्रोल चोरीला जातं असं एसटीच्या ड्रायव्हरांनी सांगितलं होतं, आणि किल्लीचं नवंकोरं, घट्ट बसणारं, एक थेंब वास बाहेर येऊ न देणारं झाकण त्यांनीच स्वतःच्या पैशानं आणून मामांच्या वाढदिवसाला भेट दिलं होतं. गाडीचं दुखणं त्या वाढदिवसानंतरचं. पण कधीपासून होतंय, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि झाकण हाही एक सल्लाच होता हे मामांच्याही लक्षात राहिलं नव्हतं, कारण तो फुकट मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून जुनं झाकण खाली काढलं. उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी पॉइंटची फट पात्यानं मोजून नीट केली, टॅपेट सैल केले, रिंगांना हात लावला नाही. गाडी वाघबिळावरून न थांबता वर गेली, ती थेट तीन दरवाज्यापर्यंत. डिकीत एक जुनी पण धडधाकट कॉइल, एक कंडेन्सर आणि पाण्याचा कॅन उरला. साड्यांचे तुकडे मामीनं परत नेले.

संध्याकाळच्या बैठकीत निकाल जाहीर झाला. जीपवाले फोनवर म्हणाले, टाकीत पोकळी झाली की नळीतला दाब उतरतो, दाब उतरला की पेट्रोलची वाफ लवकर होते, म्हणजे व्हेपर लॉक होताच. शास्त्राप्रमाणं यात खोट काढता येत नाही, हेच वाईट. प्राध्यापकांनी झाकण आपण उघडलं होतं याची आठवण दिली. चिटबॉय म्हणाले, पॉइंट घासले नसते तर बाकीचं कळलंच नसतं. एसटीचे ड्रायव्हर काही बोलले नाहीत, फक्त मिशीला हात लावून सगळ्यांकडं एकेकदा बघितलं. कारण भानगड खरोखरच हवेची निघाली होती. हवा शिरली म्हणून नाही, हवा शिरत नव्हती म्हणून. पण एवढ्या बारकाव्यात कोण जातो?

मामीला कुणी काही म्हणालं नाही. ती चहा ठेवायला आत गेली होती.

तुमच्याकडं जुनी गाडी असेल तर दोन गोष्टी जवळ ठेवा. एक छोटी वही. गाडी बंद पडली की त्यात लिहा: कुठं, गार की गरम, चढ की सपाट, टाकीत पेट्रोल किती, किती वेळानं चालू झाली, आणि त्याआधी गाडीत नवीन काय बसवलं होतं. मेस्त्रीला भाग दाखवण्याआधी ती वही दाखवा आणि त्याच्या बघण्याचेही पैसे द्या. दुसरी गोष्ट, एक खुर्ची. घडीची असली तरी चालेल. रस्त्यात गाडी बंद पडली तर बॉनेट लगेच उघडू नका. गाडीशेजारी खुर्ची टाकून निवांत बसा, आणि कुणी जवळ येऊन "काय झालं?" विचारलं तर सांगा, "काही नाही, पाहुण्यांची वाट बघतोय."